कव्वालीच्या दारातली मोजणी

माझी नात शाळेत सांगून आली की तिचे आजोबा लोकांना प्रश्न विचारायचे. बाईंनी तिला विचारलं, "पोलिसात होते का गं?" घरी येऊन तिनं तोच प्रश्न मला केला. मी म्हणालो, पोलिसात नव्हतो, पण दारं मात्र पोलिसापेक्षा जास्त वाजवली. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'अन्वेषक' असा भारदस्त शब्द होता. आमच्या रिठद गावात तो कुणाला झेपत नव्हता, म्हणून आई सगळ्यांना सांगायची, "पोरगं इचारपूस करायच्या नोकरीवर हाये." तिचंच बरोबर होतं.

धंदा तसा सोपा. कुठल्या तरी कॉलेजातले सर किंवा एखादं सरकारी खातं ठरवतं की अमुक गोष्ट लोकांत किती आहे ते मोजायचं. मग छापील प्रश्न येतात आणि ते घेऊन आम्ही उन्हातान्हात निघतो. घरात माणसं किती, विहिरीला पाणी कुठवर, ऑपरेशन केलं का, रेडिओ ऐकता का. लोक खरं सांगतात का, असं मला हमखास विचारलं जातं. बैलांबद्दल खरं सांगतात. जमिनीबद्दल थोडं कमी सांगतात. वय त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. आणि दारूबद्दल विचाराल तर अख्ख्या वऱ्हाडात पिणारा माणूस एकच, तो म्हणजे शेजारी.

विचारून दारूचं खरं कळत नाही, हे मला कळलं ते माझ्या पहिल्याच कामात, सत्तरच्या दशकात. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. नागपूरकडच्या एका समाजकार्याच्या कॉलेजातल्या सरांना (त्यांना इथं खापरे सर म्हणू) मोजायचं होतं की करमणुकीला येणारा माणूस किती नशा करून येतो. बाहेरदेशी म्हणे रात्रीचे क्लब असतात, तिथं नाचगाणं आणि दारू एकाच छपराखाली मिळते, आणि दारात उभं राहून गिऱ्हाइकांची नशा मोजतात. सरांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आता आमच्याकडं क्लब कुठून आणायचा? सरांनी चौकशी केली, आणि शेवटी कव्वालीच्या मंडपावर बोट ठेवलं.

आजच्या वाचकांनी कव्वालीचा मुकाबला पाहिला नसेल. मंडपात एका अंगाला बाईची पार्टी, दुसऱ्या अंगाला बुवाची. हार्मोनियम, ढोलक, आणि टाळ्या वाजवणारे सहा-सात जण. बाई शेर म्हणून बुवाची खोडी काढणार, बुवा त्याला जोड देऊन उलटं उत्तर करणार, आणि लोक फेटे उडवणार. मुसलमान यायचे, माळी-कुणबी यायचे, आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं तर भीमगीतांच्या कव्वालीवरच वाढलेली. कामरगावजवळ पौषात एक जत्रा भरायची. तिथं जुबेदाबाईंची पार्टी मंडप ठोकून बसायची. मंडपाच्या पलीकडं नाला आणि नाल्याच्या पलीकडं हातभट्टी. बरेच जण आधी नाल्यापलीकडं जाऊन मग मंडपात यायचे. म्हणजे क्लब होता, फक्त मधून नाला वाहत होता.

मी रिठदला आईला कामाचं सांगितलं. आमच्या घरी संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं, आणि त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं.

"पाचवं शील घेतलं अन् आता लोकायची तोंडं हुंगत फिरशीन?" आई म्हणाली.

"हुंगायले मनाई नाई, माय."

"पगार देतात का हुंगायचा?"

"देतात."

तिनं भिंतीवरच्या तसबिरीकडं एकदा पाहून घेतलं आणि मला भाकरी बांधून दिली.

सरांनी सोबत दोन हत्यारं आणली होती. एक, छापील प्रश्न. दुसरं, काचेच्या नळ्या. नळीत पिवळे खडे. तिची टोकं फोडायची, एका टोकाला रबरी फुगा लावायचा, दुसऱ्या टोकातून माणसानं फुंकायचं. श्वासात दारू असेल तर पिवळे खडे हिरवे पडतात, आणि जितकी जास्त दारू तितका हिरवा पट्टा लांब. एक नळी एकदाच चालायची. सरांनी त्या कुठून तरी खटपट करून मिळवल्या होत्या आणि पेटीत कापसात ठेवल्या होत्या.

प्रश्नांचं पहिल्या दिवशीच वाटोळं झालं. "आज किती ग्लास घेतले?" असा प्रश्न होता. आमच्याकडं चौघं मिळून एक बाटली आणि एकच ग्लास घेऊन बसतात, ग्लास फिरत राहतो, आणि ओतणारा वेगळा असतो. त्यामुळं कुणी किती घेतली हे पिणाऱ्याला सांगताच येत नाही. एकाला मी विचारलं तर त्यानं मागं वळून हाक मारली, "गजानन, मले किती झाली रे?" गजानननं बोटं मोजली, मग स्वतःचीही मोजली, आणि दोघांचं भांडण लागलं की तू मला कमी ओतली.

मग नळ्या काढल्या. मला वाटलं होतं लोक बिचकतील. झालं उलटंच, रांग लागली. ज्याची नळी हिरवी व्हायची तो सगळ्यांना दाखवत फिरायचा. आणि ज्याची नळी पिऊनही जेमतेम रंग बदलायची, तो रागानं लाल व्हायचा. असा एक गडी नळी हातात घेऊन तडक नाल्यापलीकडं गेला आणि भट्टीवाल्याच्या तोंडासमोर धरली. "पाह्य. सरकारी मशीन सांगून राह्यली, तू पानी टाकतं." तासाभरात भट्टीवाला आमच्याकडं आला. गोरामोरा झाला होता. म्हणाला, "साहेब, तुमी नशा मोजाले आले का माह्या धंद्यात माती कालवाले? मले सगळे नळ्या दाखवून राह्यले." सरांनी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मंग माही बी एक मोजा, म्या घरचीच पेतो." त्याची नळी इतकी हिरवी झाली की त्यानं ती मागून घेतली आणि पुढं बरेच दिवस दुकानात टांगून ठेवली होती म्हणतात.

गांज्याला नळी चालायची नाही. लिंबाखालचे एक बाबाजी चिलमीशिवाय कधी दिसत नसत, त्यांनी फुंकलं तर खडे पिवळेच राहिले. त्यांना फार आनंद झाला. भेटेल त्याला सांगायचे, मशीननं मला पास केलं. गांजासाठी डोळे बघा, असं सरांच्या पुस्तकात होतं. पण जत्रेची धूळ आणि चुलींचा धूर यात सगळ्यांचेच डोळे लाल, आणि जुबेदाबाईंनी मायलेकराची कव्वाली धरली की उरलेल्यांचेही व्हायचे. एका वैद्यबुवांची नळी हिरवी झाली तेव्हा ते म्हणाले, हे द्राक्षासव आहे, पचनासाठी. किती घेता विचारलं तर म्हणाले, पचेल इतकं.

अशा हौसेत नळ्या बघता बघता संपल्या. पेटीत कापूस उरला. सर डोकं धरून बसले, कारण जत्रा अजून निम्मीही झाली नव्हती. आणि त्याच दिवशी गुरुजी आले.

तुळशीराम गुरुजी कामरगावात शिक्षक होते, तेव्हा रिटायर होऊन मळ्यात वांगी-मेथी करायचे. गावातल्या अर्ध्या माणसांना त्यांनी बाराखडी शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बापांना. धोतर, काळी टोपी, आवाज बारीक, पण त्या बारीक आवाजानं चाळीस-पन्नाशीची माणसं अजून सरळ उभी राहायची. त्यांनी तहसीलदारांकडं अर्ज दिला होता की ही कव्वाली बंद करा, तिच्या नादानं गाव पिऊन राह्यलं. तहसीलदारांना दोन्हीकडून वाईट व्हायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं, नागपूरचे सर मोजूनच राहिले आहेत, ते काय सांगतात ते ऐकून ठरवू. म्हणजे आमच्या मोजणीवर आता मंडप उभा राहायचा की उतरायचा हे ठरणार होतं, आणि आमच्याकडं मोजायला नळी नव्हती.

गुरुजींना खरं दुखणं वेगळं होतं. त्यांचा धाकटा मुलगा, रघू, पीत होता. तो मळ्यातला भाजीपाला बाजारात विकायचा, कामाला चोख होता, पण संध्याकाळी नाल्यापलीकडं. एकाच घरात राहून बापलेकांनी कित्येक दिवसांत समोरासमोर बोलणं केलं नव्हतं. गुरुजी अंगणात असले की रघू मागच्या दारानं. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही, कामरगावात ते सगळ्यांना माहीत होतं, आणि चहाच्या टपरीवर मला ते पहिल्याच दिवशी साखरेसोबत मिळालं.

गुरुजी मंडपाशी आले तेव्हा जुबेदाबाई खुर्चीवर बसून ज्येष्ठमध चघळत होत्या. बाई अमरावतीकडच्या, अंगानं भरलेल्या, नाकात मोठी चमकी. त्या दारूच्या थेंबाला शिवत नसत, कारण गळा जातो. पार्टीतल्या कुणी घेतली तर त्या त्याला टाळ्यांतून काढून वाद्यांचे डब्बे वाहायला लावत.

"बाई, तुमच्या पायी गाव बिघडून राह्यलं," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मेरे मंडप में पानी बी मिलता नहीं, दारू कहाँ से मिलती?" बाई उठून उभ्या राहिल्या. "पीनेवाला बाहर पीता. तुमी म्हनता ना सब पीके आते? मंग बसा इथं दरवाजे पे. खुद देखो. आधे से जादा पियेले दिसले, तर मैं खुद मंडप उतारती. किसीके अर्जी की जरूरत नहीं."

गुरुजींनी खुर्चीकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि बसले.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं पिलेला माणूस मोठ्या माणसाजवळ जात नाही. जावंच लागलं तर चार हात लांब उभा राहतो, तोंड एका बाजूला वळवतो, दुपट्ट्याचं टोक ओठांवर धरतो आणि मग बोलतो. तोंडाचा वास त्या माणसापर्यंत जाऊ नये म्हणून. तो कितीही झिंगलेला असो, हे विसरत नाही. भांडणात बायकोच्या अंगावर ओरडेल, पण समोरून मामा आला की दुपट्टा वर. ही आमची अदब आहे, आणि तिचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि लोक यायला लागले. ज्यानं घेतली नव्हती तो सरळ गुरुजींच्या पायाशी वाकायचा, "गुरुजी, बरे हात का?" म्हणायचा. माझ्या वस्तीतले जय भीम घालायचे, मोमिनपुऱ्यातले सलाम करायचे. आणि ज्यानं घेतली होती तो दुरूनच हात जोडायचा, लांबून वळसा घालायचा, दुपट्टा नाकापर्यंत. मी दाराच्या दुसऱ्या बाजूला कागद घेऊन उभा होतो. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मला काही विचारायची गरजच नाही. गुरुजींच्या खुर्चीपासून माणूस किती लांबून गेला, ते बघितलं की झालं. मी सरांना हे सांगितलं. सरांनी खुणेसाठी जमिनीवर राख टाकून रेघा आखल्या आणि इतके खूश झाले की मला चहा पाजला.

एक अडचण होती. पौषाची थंडी, अर्ध्या लोकांच्या तोंडाला तशीही मफलर. सरांनी पहिल्या तासात सगळ्या मफलरवाल्यांना पिणाऱ्यांत धरलं, त्यात गावचा पोस्टमन, दोन आजोबा आणि हरिपाठाची अख्खी मंडळी गेली. मी सरांच्या कानात सांगितलं. गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी फक्त बोट खाली केलं आणि म्हणाले, "मफलर." एवढ्यावर रांगेतल्या सगळ्यांच्या मफलरी गळ्यात उतरल्या. शाळेत पाटी दाखवताना उतरायच्या तशाच.

पहिल्या संध्याकाळी लांबून जाणारे बरेच निघाले, निम्म्याला थोडेच कमी. गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि जुबेदाबाईंचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी त्यांनी दोनदा सूर चुकवला. दुसऱ्या दिवशी लांबून जाणारे कमी झाले. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. भट्टीवाला पुन्हा माझ्याकडं आला, या वेळी हात जोडून. "भाऊ, थे गुरुजी कायले बसवले दारात? गिऱ्हाईक म्हनते, गुरुजीपुढून जा लागते, आज नको."

सरांच्या ध्यानात आलं तेव्हा ते हादरलेच. "वानखडे, अहो, आपलं माप बिघडलं. आपण लोक किती पितात ते मोजायला आलो, आणि आपल्या मापामुळंच ते प्यायचे थांबले. याला काय अर्थ आहे? गुरुजींना तिथून हलवा."

शास्त्राच्या दृष्टीनं सरांचं अगदी बरोबर होतं, हे मी आज शपथेवर सांगेन. मोजायच्या काठीनं धान्य हलवलं तर माप चुकतं. पुढं आयुष्यभर मी शिकाऊ पोरांना हेच सांगत आलो. पण त्या वेळी मी फक्त गुरुजींना हलवायला गेलो.

"गुरुजी, सर म्हणतात तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल. थंडी आहे."

"तुमची मोजनी झाली?"

"नाही झाली. पण तुम्ही बसलात की लोक पीत नाहीत."

गुरुजी हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्यांनी मान मंडपाकडं वळवली. आत बुवाची पार्टी रंगात आली होती, टाळ्या पडत होत्या.

"माहा रघू आत हाये," ते म्हणाले.

मला माहीत होतं. रघू रोज मागच्या बाजूनं कनात वर करून आत शिरत होता, समोरच्या दारानं तो एकदाही आला नव्हता. पण गुरुजींची तर मंडपाकडं पाठ होती.

"तुमाले कसं कळलं?"

"थो वाहवा देते ना, थे वळखू येते. लहानपनी कविता म्हनली का असाच मधात बोले." गुरुजींनी कान दिला. थोड्या वेळानं आतून एक जाडसर आवाज आला, "क्या बात है." गुरुजींनी मान हलवली. "पाह्य. हाच. म्या लोकायसाठी नाई बसलो, वानखडे. तुमच्या सराले सांगजा, थो समोरून येईन तोवर मी काई उठत नाई."

मी जाऊन सरांना सांगितलं की गुरुजी उठत नाहीत. का, ते सांगितलं नाही. सर चिडले, मग त्यांनी गुरुजींकडं लांबून पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "राहू द्या. निदान पहिल्या दिवशीचं तरी खरं आहे." सर चांगले होते. त्यांच्या हाताखाली मी पहिलं काम केलं हे माझं नशीबच.

रोज संध्याकाळी गुरुजी यायचे, खुर्चीत बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांना थंडीनं खोकला लागला. जुबेदाबाई आतून त्यांच्यासाठी ज्येष्ठमध घातलेलं गरम पाणी पाठवू लागल्या. गुरुजींनी पहिल्यांदा ते नाकारलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा स्वतःच विचारलं, आज पानी नाई आलं? एकदा बाईंनी गुरू आणि शागीर्दाच्या नात्यावरचा शेर म्हटला, तेव्हा गुरुजींच्या मांडीवरच्या बोटांनी ठेका धरलेला मी पाहिला. त्यांनी मला बघितलं आणि बोटं थांबवली.

जत्रा संपायच्या आधी तहसीलदारांनी गुरुजींना विचारायला माणूस पाठवला. गुरुजी म्हणाले, "मंडपात दारू नाई. अर्ज वापस घेतो." जुबेदाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना रडू आलं. त्यांच्या पार्टीतली पंधरा-वीस तोंडं त्या मंडपावर जगत होती, आणि पुढच्या जत्रेचं बोलावणंही याच नावावर यायचं होतं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आखरी दिन है, अब तो अंदर बैठो." गुरुजी म्हणाले, "अठीच बरा हाओ."

तो शेवटचा दिवस. सूर्य नुकताच बुडाला होता, मंडपातल्या बत्त्या पेटत होत्या. गर्दी होती आणि सगळे गुरुजींच्या पायाशी वाकून आत जात होते. गुरुजींचा खोकला वाढला होता. माझा कागद जवळजवळ कोराच. लांबून जाणारं कुणी नव्हतंच.

तेवढ्यात रस्त्याकडून रघू आला. नाल्याच्या बाजूनं नाही, मागून नाही, रस्त्यानं, समोरून. हातात घडी घातलेली घोंगडी. तो राखेच्या सगळ्यात लांबच्या रेघेपाशी थांबला. मी पाहिलं, त्याची चाल सावध होती, पाय मोजून टाकल्यासारखे. घेतली होती. रीतीप्रमाणं त्यानं तिथंच थांबायचं, तोंड वळवायचं, दुपट्टा धरायचा. त्याचा एक हात दुपट्ट्याकडं गेलासुद्धा. पण घोंगडी जड होती, ती निसटायला लागली, आणि त्यानं दोन्ही हातांनी ती पुन्हा सावरली.

गुरुजींना खोकल्याची उबळ आली. डोळे मिटून ते खोकत राहिले.

रघू सगळ्या रेघा ओलांडून आला. खुर्चीच्या अगदी जवळ. वाकून त्यानं घोंगडी उलगडली आणि बापाच्या खांद्यावर टाकली, गळ्यापाशी दोन्ही टोकं ओढून घेतली. त्याचं तोंड गुरुजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. वास मला इथवर आला.

"मायनं देली," तो म्हणाला. "थंडीत कायले बसता, बाबा?"

गुरुजींनी डोळे उघडले. त्यांनी रघूकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, इतक्या दिवसांचं सगळं बोलतील. पण ते माझ्याकडं वळले.

"लिहा, वानखडे. पेलेला हाये."

रघूनं मान खाली घातली. मी पेन्सिल टेकवली आणि लिहिलं.

"अन् हे बी लिहा," गुरुजी म्हणाले. "का जवळ आला."

माझ्या कागदावर रेघांचे रकाने होते, लांबून गेला, मधून गेला, जवळून गेला. जवळून जाणारा म्हणजे न पिलेला, असं आमचं ठरलेलं. पिलेला आणि जवळ आलेला, याला आमच्याकडं रकानाच नव्हता. मी कागदाच्या कडेला मोकळ्या जागेत लिहिलं, जवळ आला. तोवर गुरुजी उठले होते. घोंगडीचं एक टोक त्यांनी रघूच्या खांद्यावर टाकलं, आणि बापलेक मंडपाकडं न जाता रस्त्यानं घराकडं निघाले. आतून जुबेदाबाईंचा आवाज लागला तेव्हा गुरुजी एकदाच थांबले, ऐकलं, आणि पुन्हा चालायला लागले.

रघूची दारू त्या दिवशी सुटली असं लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल, पण तसं झालं नाही. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका पाहणीसाठी मानोऱ्याच्या बाजारात गेलो होतो, तिथं तो वांगी विकत होता. त्यानं मला ओळखलं. गुरुजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी अन्वेषकच, म्हणून विचारलं, घेतोस का अजून? "कमी झाली, बंद नाई झाली," रघू म्हणाला. दारूबद्दल विचारून मला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. मग वांग्यांवर पाणी शिंपडत तो म्हणाला, "पन बाबा बिमार होते ना, तई रोज त्यायच्या खाटीपाशीच झोपत जाओ. पेऊन आलो तरी." त्यानं वांगी घ्यायला लावली आणि पैसे घेतले नाहीत.

पाहणीचे कागद घेऊन मी जत्रेनंतर नागपूरला गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. सरांनी एकेक कागद तपासला. नळ्यांचे, राखेच्या रेघांचे, पहिल्या दिवसाचे, नंतरचे. शेवटच्या कागदाशी ते थांबले, चष्मा वर करून कडेचं अक्षर वाचलं.

"वानखडे, हा माणूस पिलेला, आणि जवळ आला. म्हणजे नेमकं काय? याला मी कशात मोजू?"

मी तेव्हा नवा होतो, सरांना कधी उलट बोललो नव्हतो.

"सर," मी म्हणालो, "तो मोजू नका."